पहिले चहा पिऊन ये

कोणी दुसऱ्या वकिलाची तक्रार घेऊन आलं की बाबूजी आधी पेनाला टोपण लावत. "पहिले त्याच्या घरी चहा पिऊन ये," म्हणत. "तोंडावर बोलता आलं, तर मंग लिहू."

सौंसरच्या कोर्टात मी त्यांची ज्युनियर होते. वकिलाविरुद्ध तक्रार लिहून देणारे वकील आमच्याकडे ते एकटेच. आता तुम्हीच सांगा, ज्यांच्यासोबत रोज उठबस, त्यांच्याविरुद्ध लिहायची हौस कोणाला असते? बार रूममध्ये त्यांच्या बाजूची खुर्ची कायम रिकामी राही. बाबूजी खुशाल तिच्यावर डबा ठेवत.

लोधीखेड्याचा एक जण, वकील फाईल परत देत नाही म्हणून तणतणत आला होता. चहाला गेला आणि फाईल घेऊनच परतला. निम्मी भांडणं अशी चहातच मिटत. उरलेल्यांचं मात्र बाबूजी मन लावून लिहीत. तारखा, कागदांच्या नकला, शपथपत्र, सगळं जागच्या जागी. शिव्या तेवढ्या कापून टाकत.

"जबलपूरची वकील परिषद शिव्या वाचत नाही बाप्पा, पुरावा पाहते."

तिथून त्या वकिलाला नोटीस जाई, त्याचं उत्तर मागवलं जाई, आणि तक्रारीत दम वाटला तरच प्रकरण शिस्त समितीपुढे येई. मग समज मिळे किंवा निलंबन होई, आणि फारच झालं तर वकिलीची सनदच रद्द.

तिगावच्या एका बाईचा दावा आमच्याकडे होता. शेजाऱ्याने वाट अडवली होती. बगीच्यात गाडी जाईना, आणि तोडणीला आलेली संत्री झाडाखाली गळून पडत होती. तिच्या दाव्याचा पुकारा झाला तेव्हा बाबूजी बाहेरच्या टेबलावर तक्रार लिहिण्यात गढले होते. तारखेला हजर न राहिलेल्या एका वकिलाविरुद्धची तक्रार, बघा! मी दुसऱ्या कोर्टात होते. दावा गैरहजेरीत खारीज झाला.

दुसऱ्या दिवशी बाई बाबूजींच्या घरी आली. मी तिथंच होते.

"चहा प्याले आली, वकीलसाहेब," ती म्हणाली. "तुमच्याच घरी."

बाबूजींनी स्वतः चहा केला. तिने कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाली, "माणूस तुम्ही चांगले. पण माहा माल गळून राहिला ना."

दावा परत उभा करायचा तर अर्जात कारण द्यावं लागतं. ती गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही आजारी होता असं लिहू. सगळेच लिहितात."

"आजारी कुठं होतो मी, पोरी? माही चूक झाली, असंच लिहायचं."

"आणि सनदीचं काय?"

"सनद माही हाय. वाट तिची हाय."

त्यांनी दोन्ही लिहिलं. अर्जाला आपल्या चुकीचं शपथपत्र जोडलं, आणि बाईच्या वतीने परिषदेकडे स्वतःविरुद्धची तक्रारही तयार केली. मला असा संताप आला की मी कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

दावा परत उभा राहिला. पुढे तो मीच चालवला, अंतरिम हुकूम मिळाला आणि बाईची गाडी बगीच्यात गेली. जबलपूरला समितीपुढे बाबूजींनी सगळं कबूल केलं. त्यांची सनद काही महिन्यांसाठी निलंबित झाली. तरी ते रोज कोर्टात येत, डबा घेऊन, काळ्या कोटाशिवाय. तसे ते मला बघवत नसत.

निलंबन संपायच्या आधीच बाबूजी गेले.

आमच्याकडे वकील गेला की काम थांबवून शोकसभा घेतात. त्या दिवशी बार रूममध्ये कुजबुज सुरू झाली, निलंबित माणसाची सभा कशी घ्यायची म्हणून. मी भांडायला उठले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. तिगावची बाई होती.

"तक्रार माही होती," ती म्हणाली. "तिचं जे व्हायचं ते झालं. आता सभा घ्या."

आणि आत येऊन ती त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मग अध्यक्ष उठले, आणि एकेक करून सगळे मौनाला उभे राहिले.