व्हर्नाने शिवलेला कॅप्टन

व्हर्ना ह्रुस्काला कुणी साधीभोळी म्हटलं की मला हसू येतं. इतकी हेकट बाई अख्ख्या ओहायोत सापडायची नाही. बार्बर्टनच्या एका कारखान्यात तिने एकतीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. तिथेही ती मुकादमासमोर दुसऱ्याची शिवण उसवून दाखवायची, "हे काम म्हणायचं? मांजर बरं शिवेल."

तिचा नवरा ऑरिन टपाल वाटायचा. अंतराळातल्या त्या जुन्या मालिकेचं त्याला लहानपणापासून वेड. तसेच आणखी पंधरा वेडे गावात निघाले, त्यांतला एक मी, आणि आम्ही त्या मालिकेवर आपलाच एक सिनेमा करायला घेतला. कुणी पैसे मागायचे नाहीत, कुणाला मिळायचे नाहीत. शनिवारी ज्याने त्याने घरून भांडंभर काहीतरी आणायचं, एकत्र जेवायचं आणि ऑरिनच्या गॅरेजमध्ये प्लायवुडच्या यानात उभं राहायचं. मी एरवी शाळेची बस चालवतो. इथे कॅमेरा आणि एडिटिंगचं जोडकाम माझ्याकडे. ऑरिन कॅप्टन. गणवेश व्हर्नाकडे.

"कोण कुठल्या ग्रहावरचं ते मला विचारू नका," ती म्हणायची. पण कपडा तिला कळत होता. टीव्हीवरचं चित्र थांबवून, भिंग घेऊन ती टाके मोजायची. एका कॉलरसाठी तिने सहा वेळा कापड बदललं. ऑरिन म्हणायचा, "अगं, एवढं कोण बघतंय?" त्यावर ती म्हणायची, "मी बघतेय ना."

दुसऱ्या वर्षी ऑरिनच्या हातातून कप पडायला लागले. स्नायू झिजत जाणारा तो आजार निघाला, ज्यातून कुणी परत येत नाही. शेवटचे प्रसंग आम्ही त्याला खुर्चीत बसवूनच घेतले. गावातल्या जुन्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर सिनेमा लागावा, एवढीच त्याची इच्छा होती. जोडकाम संपायच्या आत, मार्चमध्ये तो गेला.

"तो बघायला नाही तर नाही," व्हर्ना मला म्हणाली, "पण तिथे दिसला पाहिजे. बाकी मला काही नको."

मग चूक माझ्या हातून झाली. दोन मिनिटांचा तुकडा मी इंटरनेटवर टाकला. महिन्याभरात, मूळ मालिका ज्यांची त्या स्टुडिओची नोटीस आली आणि नोटिशीमागून दावा. डॉर्सी नावाचे वकील आमच्यासाठी फुकट उभे राहिले. ते म्हणाले, "तुमची हुबेहूब नक्कल नाही, सगळं थोडं वेगळं आहे, घरगुती आहे, एवढंच मला दाखवायचंय. तेवढ्यावर सिनेमा वाचेल. व्हर्नाबाई, विचारलं तर म्हणा, साधारण तसंच आहे. बस्स."

"साधारण," व्हर्ना म्हणाली. औषध गिळावं तसं तिने तोंड केलं.

ॲक्रनला, समोरच्या वकिलांच्या ऑफिसात, शपथेवर तिची जबानी झाली. शब्दन् शब्द टिपून घ्यायला एक बाई बसली होती. स्टुडिओची वकील तरुण होती, गोड बोलणारी. तिने मूळ गणवेशाचा मोठा फोटो टेबलावर ठेवला आणि शेजारी ऑरिनचा निळा कोट.

"मिसेस ह्रुस्का, यात बराच फरक दिसतो, नाही का? ही खांद्याची शिवण बघा. घरी शिवलेलं कळतंच."

आता फक्त हो म्हणायचं होतं. डॉर्सींनी डोळे मिटून घेतले.

"कुठे फरक आहे?" व्हर्ना म्हणाली. "बोट ठेवून दाखवा."

"म्हणजे, थोडं ओबडधोबड..."

"ओबडधोबड? इंचाला बारा टाके त्यांचे आणि बाराच माझे! दोन्ही कोट शेजारीशेजारी टांगा आणि तुमचा कुठला ते ओळखून दाखवा. डॉर्सीसाहेब, टेबलाखालून पाय कशाला मारताय? खरं तेच सांगतेय."

हवं ते मिळाल्यासारखी वकीलबाई हसली आणि तिने कागद आवरले.

परतताना गाडीत अर्धा रस्ता व्हर्ना कोटाची घडी घालत होती, मोडत होती. मग म्हणाली, "मीच ऑरिनला बुडवलं ना रे?" नाही म्हणायला हवं होतं मी. मी रेडिओ लावला. त्याची लाज मला आजही वाटते.

तडजोड झाली ती अशी: सिनेमा एकदा, फुकट दाखवायचा. संवादांत जिथे जिथे यानाचं नाव येतं तिथून ते काढायचं. गणवेश प्रत्येक चित्रात पुसून धूसर करायचे. खेळ संपला की सगळ्या प्रती स्टुडिओच्या ताब्यात. मला वाटलं, बाई आता घर डोक्यावर घेईल.

तिने एवढंच विचारलं, "तोंड राहील ना त्याचं?"

"राहील."

"मग पूस."

सात आठवडे मी तिची शिलाई पुसत होतो. माझ्या हातून याहून वाईट काम कधी झालेलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी थिएटर भरलं. टपाल कचेरी तर झाडून आली होती. पडद्यावर ऑरिन आला. वर चेहरा आणि गळ्याखाली करडं धुकं. कुणीतरी फिसकन हसलं. "मुंडकंच तरंगतंय," मागून आवाज आला. व्हर्ना माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती. शेवटच्या प्रसंगात कॅप्टन माणसांना सांगतो, मला इथेच सोडा आणि घरी जा. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

"या प्रसंगाच्या वेळी तो जेमतेम एकशे अठरा पौंडांचा उरला होता," व्हर्ना हळूच म्हणाली. "दर शुक्रवारी मी कोट पाव इंच आत घ्यायचे. खांद्यात कापूस भरायचे. पडद्यावर कुणाला कळू नये म्हणून."

"कळलं नाही कुणाला."

"कळणार कसं? तू सगळंच पुसलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवे लागले. टपाल कचेरीतला एक म्हातारा डोळे पुसत तिच्याकडे आला. "व्हर्ना, काय दिसलाय गं ऑरिन! आजारी वाटतच नव्हता."

तिने त्याचा हात धरला. "नव्हताच तेव्हा," ती म्हणाली. "चांगला धडधाकट होता."

वर प्रोजेक्टरच्या खोलीत स्टुडिओचा माणूस प्रती घ्यायला थांबला होता. मी जिना चढायला लागलो.