बोडक्या बर्डीची राखण

दोंडाईच्याकडून येणारी बस फाट्यावर वळली की डाव्या हाताला बर्डी, म्हणजे छोटी टेकडी, दिसते. नाव अजून बोडकी बर्डीच, पण आता तिच्या अंगावर पोटरीएवढं गवत आहे आणि वरच्या अंगाला अंजन, खैर, सीताफळ. झुंबरबाई नांदायला आली तेव्हा तिथे दगड आणि बकऱ्यांच्या लेंड्या याखेरीज काही नव्हतं. पाऊस आला तसा उताराने नाल्यात पळायचा, आणि होळी सरली की विहिरींचे तळ उघडे पडायचे. अलीकडे तर पावसाने रीतच सोडली. एका रात्रीत धो धो, मग पंधरवडाभर ढगाचा ठिपका नाही.

धुळ्याच्या एका संस्थेची मयुरीताई मारुतीच्या पारावर हवामानबदलाची चित्रं घेऊन आली, तेव्हा बायकांत मागे बसलेली झुंबरबाई म्हणाली होती, "हवा बदलनी हाई आमले ठाऊक शे, ताई. आते काय करनं ते सांग."

मयुरीताईने सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. बर्डीवर आडवे चर खणा, झाडं लावा, चराई बंद करा. चर खणायला गाव तयार झालं, पण चराईबंदी घशाखाली उतरेना. सगळ्यात मोठा कळप रुपचंदचा. "मन्या बकऱ्या काय माती खातीन का?" म्हणून तो ग्रामसभेत उभाच राहिला. तीन बैठका भांडण्यात गेल्या तेव्हा कुठे ठरलं: गवत कापून न्यायचं, सगळ्या घरांना सारखं. जो बर्डीवर कुऱ्हाड, जनावर किंवा आग नेईल त्याच्या घराला वर्षभर गवत नाही, आणि वर त्यानेच तिथे राखण बसायचं.

राखण समितीची प्रमुख म्हणून गावातल्या जाणत्या मगननानांनी झुंबरबाईचं नाव घेतलं. नवरा सुरतेला कामाला, घरी म्हातारा सासरा, गोठ्यात दोन म्हशी. "हाई बाई कोनालेच भीत नही," नाना म्हणाले. ते काही खरं नव्हतं. सासऱ्यासमोर, म्हणजे जीवरामआबांसमोर, तिने आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की मान वर करून एक शब्द काढला नव्हता.

बंदी टिकली. विहिरींना चैत्रातही पाणी राहू लागलं. पण रुपचंद आणि त्याच्यासारखे दहा-बारा जण टपूनच होते. बर्डीला काही झालं की बंदी मोडायची, हे ते उघड बोलत. झुंबरबाईला त्याचीच धास्ती असायची.

आणि यंदाच्या आखाजीला ती खरी ठरली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीला मागे टाकतो. माहेरवाशिणी झोक्यांवर, पुरुष निंबाच्या सावलीत पत्त्यांवर. ऊन असं की पत्रे तडतडत होते. शेजारची कोकिळा झोक्यावर उभी होती, तिलाच उंचावरून आधी दिसलं.

"झुंबर वं, बर्डीवर धूर शे!"

निंबाखाली कोणी मान वर केली नाही. "पत्ता टाक रे. कोनी बांध पेटाडेल व्हई."

झुंबरबाई धावत आली ती थेट डावात, आणि पायाने पत्ते उधळले. "तुमना राजा-रानी मंग देखा! बर्डी पेटनी!"

बाईमाणसाने डाव मोडला याचा राग यायलाही कोणाला सवड मिळाली नाही. ओली पोती, निंबाचे डहाळे, हाताला लागेल ते घेऊन माणसं पळाली. पायथ्याकडून आग चढत होती आणि वारा तिच्या पाठीशी होता. वाळलं गवत चरचरत आडवं होत होतं. मयुरीताईने फोनवर सांगितलं की बंब निघालाय. पण बंब आला तरी उभा राहणार पायथ्याशी.

बर्डीच्या मध्यावरून एक पायवाट जाते. तिच्या वरच्या अंगाला जुनी झाडं आणि चर. तिच्याखाली, आगीच्या तोंडी, निंब-सीताफळाची कोवळी रोपं. गेले दोन उन्हाळे बायकांनी डोक्यावरून हंडे नेऊन जगवलेली.

"आपनच आग लावनी पडी," झुंबरबाई म्हणाली. "पायवाटथून खाले. तिले खावाले काही ठेवनंच नही."

मगननाना दम खात होते. "अन् वारा वाढना मंग? बठ्ठी बर्डी जाई. लोके म्हनतीन, झुंबरनीच बर्डी पेटाडी."

"म्हनू द्या, नाना."

"रोपं शेतस ना वं तठे," कोकिळा रडवेली झाली. "मी पानी टाकेल शे त्यासले."

"मीबी टाकेल शे." झुंबरबाईने हात पुढे केला. "माचिस कोनाकडे शे?"

रुपचंदने खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

पहिली काडी विझली. दुसरीही. तिसरीने गवत धरलं. पायवाटेच्या कडेकडेने ती काडी, मग गवताचा पेटता पुळा नेत गेली. तिची आग वाऱ्याच्या विरुद्ध, हट्टी जनावरासारखी सावकाश खाली सरकू लागली. रोपांची पानं आधी गोळा झाली, मग काळी. तिने तिकडे पाहिलं नाही. एवढ्यात वाऱ्याने जोराचा झपाटा दिला आणि एक ज्वाळ पायवाट ओलांडून वरच्या गवतात पडली. कोकिळा आणि रुपचंद एकाच वेळी तिच्यावर पोती घेऊन पडले. रुपचंदच्या भुवया गेल्या. ज्वाळ विझली. आणि खाली दोन्ही आगी समोरासमोर आल्या, एकदा उंच उठल्या आणि खायला काही नाही म्हणून बसल्या.

वरची बर्डी वाचली होती.

झुंबरबाई मात्र उतरून पायथ्याशी गेली. आग सुरू कुठून झाली ते तिला बघायचं होतं. जळिताचा माग काढत ती आपल्याच शेताच्या बांधापाशी आली. तिथे आजेसासऱ्यांच्या समाधीचा ओटा होता. ओट्यावर घरचीच लाल घागर, फोडलेलं खरबुजासारखं डांगर, राखेत अर्धवट करपलेली पुरणपोळी. आखाजीला पितरांना निखाऱ्यावर घास देतात, त्याला आगारी म्हणतात. ती घरात, चुलीपुढे किंवा अंगणात टाकायची. आबांनी ती बापाच्या ओट्यावर नेली होती. सकाळी गोवरीवर निखारे फुंकून तिनेच आबांच्या हाती दिले होते. अंगणात नेत असतील असं समजून तिने विचारलं नव्हतं. सासऱ्याला कोण विचारतं?



संध्याकाळी पारावर गाव जमलं तेव्हा रुपचंद कोंडीत सापडला होता. "सनना दिन माचिस लई कशाले फिरस रे?"

"बिडी पेस मी! गावमा कोन पेत नही?"

"बंदी मोडानी व्हती ना तुले?"

"मंग मी भुवया कशाले जाळ्यात रे?"

कोणी ऐकत नव्हतं. झुंबरबाईला कळत होतं, आपण गप्प राहिलो तर सगळं सोयीचंच आहे. रुपचंदचं तोंड कायमचं बंद, बंदी पक्की, घराची इज्जत शाबूत. जीवरामआबा पारावर म्हाताऱ्यांत बसले होते, जमिनीकडे बघत. पण एकाच्या डोक्यावर खोटं टाकून राखलेली बर्डी किती दिवस राहील? उद्या कोणाला अडवायचं तर कोणत्या तोंडाने?

ती बायकांतून उठली. पदर डोक्यावरच होता, मान मात्र वर होती.

"रुपचंदभाऊनी आग लावेल नही. आग आमना घरनी शे. आबासनी ओटावर आगारी टाकी. निखारा मी दिन्हा."

आबा काठी टेकत उठले. "चार मानसंमा सासराले उभं करस का वं?" आवाज मोठा नव्हता. त्यामुळेच तो लागला. उत्तराची वाट न बघता ते घराकडे चालू लागले.

रुपचंद पुढे आला. "मंग आते? मन्या बकऱ्यासले येक न्याय अन् आबासले दुसरा?"

"तोच न्याय, भाऊ. आमना घरले गवत नही. राखन आबा बसतीन. त्या नही बसनात ते मी बसू."

"अन् म्हशी?" कोकिळाने हळूच विचारलं.

पुढच्या बाजाराला झुंबरबाईची एक म्हैस दोंडाईच्याला विकायला गेली.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा काठी आणि पाण्याची बाटली घेऊन बर्डीच्या पायथ्याशी जाऊन बसले. कोणी सांगायला गेलं नव्हतं. सुनेशी बोलणं बंद. ती भाकरी नेऊन दगडावर ठेवायची आणि वळायची. तिची पाठ फिरली की ते फडकं सोडायचे. लोक तिला म्हणत, सासऱ्याच्या पाया पड, मिटव. ती पाया पडायची, रोज. मिटत नव्हतं.

श्रावणात एका रात्री पावसाने झोडपलं. सकाळी रुपचंद चिखलाने माखलेला दारात येऊन उभा राहिला.

"आबा सांगी राहिनात, वरला चर फुटेल शे, पानी खाले चालनं. तिले सांग म्हने."

"अन् आबा सोता काय करी राहिनात?"

"दगड टाकी राहिनात, येकलाच. ऐकत नहीत मनं. तू फावडं लई चाल लवकर."

झुंबरबाईने पदर कमरेला खोचला, फावडं उचललं आणि त्याच्याआधी दाराबाहेर पडली.