बोर्डाचा दोष

मालवणच्या बाजारात माझ्या एका मित्राचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, पण हल्ली तिथे हौशी लोक ड्रोनच जास्त आणतात. ड्रोनला हवेत स्थिर ठेवणारा फ्लाइट कंट्रोलर, त्याच्या भाषेत नुसता ‘बोर्ड’, निवडून द्यायचा आणि मालकाच्या हाताला जुळवायचा, हे त्याचं काम. लग्नांचं शूटिंग करणारे येतात, सर्वांत महाग बोर्ड मागतात आणि आठवड्याने ड्रोन माडावर आपटून परत येतात. मग हा ओठांत स्क्रू धरून म्हणतो, "बोर्डाक कित्याक गाळी घालतस? बिघाड तुझ्या हातात आसा." या निकालातून आमदारांचा पुतण्याही सुटलेला नाही.

परवा मी दुकानात असताना एक निवृत्त मास्तर आले. चढणं बंद झाल्यापासून ते आपल्या माडांचे नारळ ड्रोनने बघतात. आता त्यांचा ड्रोन सारखा डगमगत होता. मास्तरांचा उजवा हात कापतो, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"विकून टाकू काय रे आता?" त्यांनी विचारलं.

त्याने त्यांना समोर चहाला पाठवलं आणि लॅपटॉप जोडला. रिमोटच्या काडीची बारीक थरथर ड्रोनने मनावर घेऊ नये, अशी सेटिंग त्याने शांतपणे करून टाकली.

परत आल्यावर मास्तरांनी मागच्या अंगणात ड्रोन उडवला. तो माडाच्या शेंड्याशी निवांत उभा राहिला.

"काय झाला होता रे?"

"बोर्डच वायट होतो, मास्तरानू. बदललंय."

बोर्ड तोच होता. त्या दुकानात बोर्डाला दोषी ठरवलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.