चिंचोक्यांची माळ

अख्ख्या जुन्नर तालुक्यात माझ्या मामांइतका रंगीत माणूस शोधून सापडणार नाही. टोमॅटोचा टेम्पो घेऊन ते एकदा गोव्याला गेले आणि किनाऱ्यावर मणी ओवत बसलेल्या एका म्हाताऱ्या, दाढीवाल्या गोऱ्या हिप्पीकडून प्रेमाच्या माळा करायला शिकून आले. तेव्हापासून डिंगोरे गावातल्या आपल्या शेतात फुलाफुलांचा सदरा, कपाळाला पट्टी आणि घेरदार बेलबॉटम. ती शिवताना शिंपी म्हणाला, "राव, ह्यात दोन माणसं मावत्याल." मामा म्हणाले, "मावू दे की. आपलीच माणसं." चिंचोके भिजवायचे, दाभणाने भोक पाडायचं, टोमॅटो बांधायच्या सुतळीत ओवायचे आणि जो आवडेल त्याच्या गळ्यात माळ घालायची. पहिली माळ मला मिळाली. मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिलीच. त्या दिवशी त्यांनी बैलांनाही माळा घातल्या.

माझं लग्न येडगावला ठरत आलं होतं. आमच्या गावच्या यात्रेला होणारे सासरे जेवायला आले. मामांनी दारातच "पावणं, लई आवडला तुमी," म्हणत त्यांना माळ घातली. वाढणाऱ्या काकूंनी गळ्यातली तपकिरी माळ तुळशीची समजली आणि त्यांना थेट माळकऱ्यांच्या पंगतीत बसवलं. शेजारच्या पंगतीतल्या मटणाचा वास घेत बिचाऱ्यांनी भिडेखातर बेसनाच्या चार मासवड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "समद्यांना मटण आन् आमाला मासवडी. ही सोयरीक न्हाई जमायची."

मामांनी सदरा, पट्टी, माळ सगळं उतरवलं. पांढरी टोपी घातली आणि मटणाचा डबा घेऊन एकटेच येडगावला गेले. तिथे काय बोलले, ते अजून सांगत नाहीत. लग्न ठरलं, पण मामा पांढऱ्या कपड्यांतच राहिले. गाव म्हणालं, "आता कसं माणसासारकं दिसतंय!" मला मात्र ते ओळखूच येईनात.

लग्नात ते माझ्या पाठीशी उभे राहिले, गळा रिकामा. मी हळूच विचारलं, "मामा, माळ?"

"खिशात हाय, पोरी. पावणं बघत्याल."

मंगलाष्टकं चालू असताना त्यांच्या खिशात चिंचोके एकमेकांवर घासत होते. माझ्या हातात हार होता, म्हणून मी नुसती मान वाकवली. बराच वेळ काही झालं नाही. मग शालूवर सुतळी खरखरली.

मामा पुन्हा बेलबॉटममध्ये दिसले नाहीत. येडगावच्या यात्रेत ती माळ माझ्या गळ्यात असते. नवी कुणी वाढायला आली की माझ्या ताटात मासवडी पडते. मी ती खाते.