टोपीतला काटा

चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरचा वास आला की मला उदगीरच्या एका मंगल कार्यालयाचं अंगण आठवतं. आदल्या दिवशीच आम्ही माझ्या वडिलांना, अप्पांना, माती देऊन आलो होतो. सकाळी काका म्हणाले, “आपल्यात सुतक न्हाई. लग्नाची फरशी धुवायची हाय, चल.” मी गेलो. आमचं फरशी धुवायचं मशीन म्हणजे परातीसारखं गोल झाकण, त्याखाली दोन तोंडांचा दांडा पाण्याच्या जोरावर गरगर फिरतो. त्या दिवशी तो फिरेना. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा क्षार साचून एक तोंड बुजलं होतं. ते काढून मी व्हिनेगरात टाकलं आणि तापलेल्या पायरीवर बसून त्यातून निघणारे बुडबुडे बघत राहिलो. रडू येत नव्हतं, भूकही लागली नव्हती. काका तार घेऊन आले. मी म्हणालो, “तार नगं, भोक मोठं होतं. अप्पा बाभळीचा काटा घालायचे.” काका म्हणाले, “मग कुठं हाय काटा?” अप्पा तो टोपीत खोचून ठेवायचे, आणि टोपी काल त्यांच्या डोक्यावरच राहिली होती. मी उठलो. कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला, भोक मोकळं केलं, सांध्यात ग्रीस भरलं. दांडा फिरू लागला. फरशी पांढरी होत गेली आणि मी मशीनमागं नुसता चालत राहिलो. आता मशीन नवं आहे, पाणी तेच. मीही टोपी घालतो, पण काटा तिच्यात खोचत नाही. काम झालं की तिथंच टाकून येतो.