तळ्याने राखून ठेवलेलं बियाणं

परवा आमच्या गावात एक नवल घडलं, आणि नेमका तेव्हाच माझा आवाज बसलेला होता...

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आठवडाभर सभा घेत होतो. "आत्ता नाही तर कधीच नाही!" हे इतक्यांदा गर्जलो की घसाच संपावर गेला. डॉक्टरांनी मौन सांगितलं. घरात सण झाला.

आमचं तळं यंदा लवकरच आटलं. "तळं मेलंय, निदान गाळ तरी रानाला द्या," असं ग्रामसभेत मीच ठणकावलं होतं. परवा सकाळी जेसीबी येणार होता.

माझी भाची प्रज्ञा नांदेडला प्राणिशास्त्रात संशोधन करते, आणि तिचं सगळं काम याच तळ्याच्या मातीवर आहे. वरचा थर खरवडला की संपलं. निदान बांधाखालचा एक कोपरा सोडा, एवढंच तिचं मागणं. दोन दिवस आधीच आली, भेगाळलेली माती घमेल्यात घातली आणि पाणी मागितलं.

"माणसाला टँकरची वाट, अन् किड्याला माठातलं?" माझी बायको मंदा कडाडली. मग स्वतःच तांब्या ओतला...

परवा सकाळी घमेल्यात खसखशीएवढे ठिपके झटके देत पोहत होते. कोळंबीचे दूरचे भाऊबंद! मेलेल्या मातीत त्यांची अंडी वर्षानुवर्षं वाट बघत होती म्हणे. मी बघतच राहिलो. माझं 'तळं मेलंय'चं भाषण त्या घमेल्यात बुडालं होतं.

तो कोपरा वाचवायला घमेलं घेऊन प्रज्ञाबरोबर तळ्यावर गेलो. तोंड उघडलं तर नुसती हवा... गाळाला नंबर लावून बसलेले बापूराव हसले. "गुरुजी, आवाज गेला ते लई बरं झालं. आज काम येळेवर सुरू व्हईल."

मग प्रज्ञाच बोलली. पाणी लागलं म्हणून सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही तशीच दबून राहतात. फसव्या पावसाला ज्यांची सगळीच फुटली, त्यांचा वंश पुढच्या उघडिपीत बुडाला. ज्यांची थोडी मागे राहिली, त्यांचीच पिढी आज इथे आहे... पिढ्यानपिढ्या दुष्काळानेच हा गुण निवडला.

बापूराव घमेल्यात वाकले. गेल्या साली पहिल्या सरीवर त्यांनी पेरलं होतं आणि ते करपलं होतं. घरात राखलेल्या बियाण्याच्या पिशवीवर दुबार पेरणी निभावली.

"म्हंजी तळ्यानं बी पिशवी राखून ठिवली म्हना की," ते म्हणाले. "दुबार पेरणीचं बियाणं कोन खातंय का? ए डायवर, बांधाखालचा कोपरा सोड! तिथला गाळ माझ्या वाट्यातून वजा धर."

प्रज्ञाचे डोळे भरून आले. त्या भरात घमेल्यातलं पाणी तिने हळूच त्या कोपऱ्यात ओतायला घेतलं, तर बापूराव ओरडले, "अगं पोरी, उन्हात मरतील की ती! घरी ने."

घमेलं सध्या आमच्या मोरीजवळ सावलीत आहे. मंदा सकाळ-संध्याकाळ त्यात वाटीभर पाणी घालते, आणि मला मात्र अर्धा ग्लासच देते...

काल आवाज परत आला. जिल्हा हवाच, त्यात एक पाऊल मागे नाही. पण संध्याकाळच्या सभेत "आत्ता नाही तर" इथवर आलो आणि ते ठिपके आठवले. म्हणालो, "आत्ता नाही तर पुढच्या पावसाला!"

टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. सगळ्यात पुढे बापूराव होते.