पसरलेला चेहरा

"कोणत्या योजनेत भेटली बाबा, ही मशीन?"

हे वाक्य जसंच्या तसं लिहून राह्यलो. एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही. वाशीमच्या कम्प्युटरच्या दुकानात, भर दुपारी, चार माणसायसमोर. बोलणारे कॉलेजातून रिटायर झालेले सर. पायावर पाय, हातात चहाचा ग्लास. बाजूच्या खुर्चीवर त्यायची पिशवी. पिशवी बसलेली. मी उभा.

सगळे हासले. दुकानदार हासला. मीही जरासा हासलो, ते मले आजही खुपते. तोंडाले सवयच तशी पडलेली असते.

"योजनेतली नाही," मी म्हणलं. "माह्या पोरानं घेतली. कमाईची."

"अस्सं. मग नोकरी कोणत्या योजनेतली होती?"

पुन्हा हासले. या डाव मी नाही हासलो.

अनसिंगहून मी ती मशीन जीपनं आणली होती. कम्प्युटरचा डबा पायाशी, अन् पडदा मांडीवर, वाकळीत गुंडाळून. बाया लेकरू धरतात तसा. साधा पडदा नाही तो. दोन पडदे एकाले एक जोडावे इतका लांब, जरासा वाकलेला. दुकानदारानं वाकळ सोडली, वायरी लावल्या, इकडं तिकडं दाबून पायलं.

"बाबा, याच्यात विंडोज नाही, लिनक्स हाये. म्हून चित्र असं पसरून राह्यलं. आपन हे पुसून टाकू अन् दुसरं टाकू. मंग पाहा कसं चकाचक दिसते."

"पुसून म्हणजे?"

"सगळं साफ."

"आतमंदी पोराचं जे हाये ते?"

"ते जाईन ना."

मी काही बोलायच्या आत सर बोलले. "पुसून टाक रे. यांना काय करायचंय त्यात? वस्तीत गाणी वाजवायला एवढा पडदा कशाला लागतो?"

दुकानदारानं माह्याकडं पायलं नाही. सरायकडं पायलं. मशीन माही, अन् हो-नाही त्यायच्याकडून. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला होता, इंग्रजीत. दुकानदाराचं बोट बटनावर गेलं.

मी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला.

"अहो म्हातारबा, अशानं मशीन खराब होते," सर म्हणाले.

"होऊ द्या. माही हाये."

वाकळ गुंडाळली, पडदा छातीशी धरला. डबा बाहेर नेऊन ठेवाले कोणी हात लावला नाही. दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेले मी परत आत गेलो तेव्हा सर दुसऱ्याच गोष्टीवर बोलून राह्यले होते. त्यायच्यासाठी तिथं काही घडलंच नव्हतं.

आता त्या मशीनीत काय होतं ते सांगतो.

माहा पोरगा पुण्याले कंपनीत होता. पावसाळ्यात गाडीवर गावाकडं येऊन राह्यला होता. गावाअलीकडच्या नाल्यावर पुलावरून पाणी होतं. गाडी पहिले सापडली. तो मागून सापडला. ओळख पटवाले मले दवाखान्यात बोलावलं. सुनेले मी आत येऊ दिलं नाही. माणसानं चादर बाजूले केली. चेहरा फुगून रुंद झाला होता. डोळे एकमेकापासून दूर सरकल्यासारखे. ओठ पसरलेले. कानाजवळच्या तिळावरून ओळखला.

"हाच का?"

"हाच."

त्या दिवसापासून डोळे मिटले की तोच चेहरा. आधीचा आठवतच नाही. जन्मापासून पायलेला चेहरा एका चादरीखालच्या चेहऱ्यानं खाऊन टाकला. फोटो हायेत घरी. पण फोटोतला माणूस हालत नाही, बोलत नाही. फोटो पाहून डोळे मिटले की चादर येते.

त्याच्या दोस्तानं पुण्याहून सामान पाठवलं. कपडे, एक पाठीवरची बॅग, कम्प्युटरचा डबा अन् हा पडदा. पडद्याची वायर त्यात दिसली नाही. माही सून आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिनं बाजारातून एक वायर आणली, जिथं बसली तिथं बसवली. पडदा लागला. आत त्यानं धडे करून ठेवले होते. कम्प्युटर कसा चालवाचा याचे, आपल्या बोलीत. आपल्याकडच्या पोरायले इंग्रजीचा भेव वाटते म्हणून. कोणाले दाखवायच्या आतच तो गेला. धड्यात एका बाजूले तो बसलेला, दुसऱ्या बाजूले त्याची मशीन दिसते. सुनेनं पहिला धडा लावला.

"जय भीम. बसा."

आवाज त्याचा. चेहरा चादरीखालचा. रुंद. फुगलेला. डोळे दूर सरकलेले. अन् तो चेहरा बोलून राह्यला होता.

मी उठून बाहेर गेलो. लिंबाखाली ओकलो. सुनेनं पडद्यावर लुगडं टाकलं. पंधरवडाभर त्या खोलीत कोणी गेलं नाही. त्याच्यानंतर मी मशीन घेऊन त्या दुकानात गेलो होतो. मले गाणी नव्हती पाहाची. मले माहा पोरगा त्याच्या मापात पाहाचा होता. एवढंच मागणं होतं.

जीपमधून परत येताना मले शाळा आठवली. तिसरीपर्यंत गेलो मी. आमाले वर्गात बसाले बंदी नव्हती म्हणत, पण आमची जागा वऱ्हांड्यात, दाराच्या आडोशाले. तिथून फळा तिरपा दिसे. अक्षरं एकमेकात घुसलेली, चेपलेली. गुरुजीनं एक दिवस 'क्ष' काढाले लावला. मी जसा दिसे तसा काढला, चेपलेला. गुरुजी म्हणाले, "यांचा डोळाच वाकडा." पोरं हासली. मी पाटी तिथंच ठेवली अन् घरी आलो. बापानं मारलं तरी परत गेलो नाही. लोक म्हणतात, म्हातारा अडाणी राह्यला. म्हणू द्या. पण डोळा वाकडा नव्हता. बसवलं वाकडं होतं.

जीपमध्ये मांडीवर पडदा अन् डोक्यात हे. तवा वाकडं बसवणारे अन् आज दुकानात हासणारे, एकच. घरी उतरलो अन् सुनेले म्हणलं, "लाव."

"मामाजी, दुकानात नीट नाही झालं?"

"नाही. ते पुसाले निघाले होते. लाव तू."

"तुमाले पाहावन का?"

"नाही पाहावलं तं नाही पाहावलं. त्यानं धडे केले ना? मंग त्यात याचाही असन."

होता. नावं सुनेनं वाचली. एकाचं नाव होतं, 'लांब पडदा नीट कसा लावाचा'. तिचा हात थांबला. मी म्हणलं, दाब.

आता समजून घ्या माही गत. चेहरा नीट कराचा तं धडा पाहा लागते. धडा पाहाचा तं तोच फुगलेला चेहरा पाहा लागते, शेवटपर्यंत. मान फिरवली तं त्यानं बोटानं काय दाखवलं ते कळत नाही. मी खुर्ची पडद्याच्या पुढ्यात घेतली. सून मागं उभी. ती रडत होती, आवाज न करता. मी नाही रडलो. मी तोंड दाबून त्याच्याकडं पाहत राह्यलो.

"चित्र रबरावानी ताणलेलं दिसून राह्यलं का?" तो म्हणाला, त्या पसरलेल्या ओठायनं. "घाबरू नोका. मशीन बिघडली नाही. तिले आपल्या पडद्याची लांबी माहीत नाही, येवढंच. डब्याच्या मांगं पाहा. भोकं दोन जागी हायेत. वरची बोर्डाची, खालची चित्र काढनाऱ्या कार्डाची. वायर वरच्यात असन तं खालच्यात लावा."

आमची वायर वरच्यात होती.

डबा फिरवला. सून म्हणाली मी लावते. मी म्हणलं, नाही. वाकलो, बोटानं चाचपून खालचं भोक काढलं, वायर बसवली. मशीन पुन्हा चालू केली. धड्यात सांगतलं तसं सुनेनं पडद्याच्या मापाची यादी उघडली. आधी त्यात सगळी तोकडी मापं होती. आता एक लांब माप आलं, तीन हजार चारशे चाळीस बाय चौदाशे चाळीस. तिनं ते धरलं.

धडा पुन्हा लावला.

गालफडं बसलेली. नाक त्याच्या मायसारखं. डोळे जिथले तिथं.

"हेच," सून म्हणाली. "मामाजी, हेच."

पण तो हालला तं वेगळंच. हात वर उचलला तं हात तुटत तुटत वर आला. मान फिरवली तं इथं दिसली, मंग एकदम तिथं. मधलं काहीच नाही. पाण्यात गटांगळ्या खाणारा माणूस दिसते, बुडते, दिसते, तसा. मी पुलावर नव्हतो त्या दिवशी. पण त्या पडद्यावर मले ते दिसलं.

मी बंद नाही करू दिलं. पुढं ऐकलं.

"एका सेकंदात पडदा किती डाव नवं चित्र काढते, त्याले हर्ट्झ म्हनतात. तीस असलं तं हात तुटक दिसन. आपला पडदा एकशे चव्वेचाळीस देते. पन वायरीनं तेवढं वाहून आनलं पायजे ना? बारीक पाटानं मोठ्या वावराले पानी पुरते का? जुनी वायर असन तं फेकून द्या. डिस्प्लेपोर्टची पायजे, तोंडाचा एक कोपरा कापलेली. हे पाहा, अशी." अन् त्यानं ती हातात धरून दाखवली. काळी, जाड. मंग दाखवून झाल्यावर बाजूच्या बॅगीच्या कप्प्यात टाकली.

सुनेनं अन् मी एकमेकाकडं पायलं.

ती बॅग घरात नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे-सामान वाटतात. भंतेजींनी वंदना घेतली, अन् मी माह्या हातानं एकएक वाटलं. शर्ट कोणाले, चपला कोणाले. बॅग त्याच्या मामाले दिली, कामरगावले. गवंडीकाम करतो तो. कप्पे तपासले नव्हते. मेलेल्याच्या वस्तूत हात घालून पाहणं मले बरं नव्हतं वाटलं.

सकाळच्या एसटीनं कामरगावले गेलो. साळा बांधकामावर होता. बॅगीत थापी, ओळंबा, डबा.

"भाऊजी, काहून आले अचानक?"

"बॅगीत वायर होती काय?"

"होती ना एक. बॅगीतून काढली अन् घरी खुटीले टांगली. कायची हाये माहीत नाही. बायको म्हणे फेका. म्या म्हणलं, भाच्याची हाये, फेकाची नाही."

तो काम सोडून माह्यासंग घरी आला. खुटीवरून काढून दिली. एक कोपरा कापलेला. तो विचारत होता कायले पायजे. माह्याच्यानं सांगणं झालं नाही. म्हणलं, "त्याचीच हाये. त्यालेच पायजे." त्यानं माह्याकडं पायलं अन् पुढं नाही विचारलं. त्याले वाटलं असन, भाऊजीचं डोकं फिरलं. वाटू द्या.

घरी आलो, वायर लावली. चित्र आलं, पण वेग साठावरच. धडा म्हणे, पडद्याच्या आपल्या बटनात जा, तिथं डिस्प्लेपोर्ट जुन्या चालीवर ठेवला असन तं नवा करा. केला. मंग काळी खिडकी, टर्मिनल म्हनतात ते, उघडा अन् हुकूम लिहा. हुकूम इंग्रजी. सून लिहाले बसली.

"उठ बाई. मी लिहितो."

"मामाजी, इंग्रजी हाये ते."

"दिसते ना मले. जसं दिसते तसं काढतो."

धडा तिनं तिथंच थांबवून दिला. पडदा लांब, एका बाजूले त्याचा हुकूम, एका बाजूले माही काळी खिडकी. मी एक अक्षर तिकडं पायलं की तसं चित्र बटनावर शोधलं, दाबलं. एक्स. आर. नावं मले नव्हती माहीत, सुनेनं मागून सांगतली. दोन डाव चुकलं, मशीननं इंग्रजीत काहीतरी सुनावलं. मशीन सुनावते, पण हासत नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी एकशे चव्वेचाळीस. तो आकडा मले येते. दाबलं.

पडदा क्षणभर काळा. मंग आला. यादीत त्या आकड्याजवळ तारा उभा होता, म्हणजे तोच वेग लागला.

धडा लावला. त्यानं हात उचलला अन् हात अख्खा वर आला. मनगटापासून बोटापर्यंत, सुटा नाही, तुटका नाही. केसावरून हात फिरवाची त्याची खोड. डोळे बारीक करून हासला, कोण जाणे कायले. कोणीतरी मागून बोललं असन.

सून तिथंच भुईवर बसली. आमी पुन्हा लावला नाही त्या दिवशी.

तुमाले वाटन, आता म्हाताऱ्याले झोप लागली असन. नाही. चादरीखालचा चेहरा गेला नाही. आधी तो एकटा होता, आता दोन झाले. डोळे मिटले की एक येते, त्याच्यामागं दुसरा येते. दोघं एकमेकाकडं पाहतात. मी मधात.

पुढं काही दिवसांनी दुकानदार घरी आला. सरायनं पाठवलं होतं. सुनेच्या केंद्रातून गोष्ट गेली असन.

"बाबा, सर म्हनतात धडे चांगले असतीन तं त्यायच्या संस्थेत चालवू. भाषा जराशी सुधरवून घेऊ म्हने, दुसऱ्या कोनाच्या आवाजात. मशीन बी तिथं हालमंदी राहीन. तुमच्याकडं पडूनच राहीन ना ते?"

"नाही."

"काहून पन? पोराचंच नाव होईन."

"दुसऱ्याच्या आवाजात माह्या पोराचं नाव कसं होईन?"

तो हळूच म्हणाला, "त्या दिवशीचं मनावर घेतलं का? सर मजाकमंदी बोलले ते."

"मी मजाकमंदी नाही ऐकलं."

त्याले चहा दिला. पिऊन गेला.

सरायची माफी मले नको. ते आले तरी मी ते वाक्य पुसणार नाही, म्हणून तं इथं पहिल्याच ओळीत लिहिलं. धडे आमी विहारात लावून राह्यलो. जीपवाला येते, शेतमजूर बाया येतात, माह्यावानी तिसरीतून शाळा सुटलेले येतात. कोणी म्हणते भाषा गावठी हाये. असू द्या. त्यातला एक शब्द कापला जाणार नाही, त्याच्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज चढणार नाही, त्याचा चेहरा कोणी रुंद करणार नाही. सून सगळे धडे इंटरनेटवर जगाले पाहाले ठेवून राह्यली. मी बाजूले बसून एकएक पाहतो अन् सांगतो, हा गेला, आता पुढचा.

परवानगी कोणाले मागितली नाही. मागणार नाही.